सडक्या आलूंचं पोतं

माय, तू असतीस तर आमच्या साहेबाला भर मेळाव्यात दोन अस्सल शिव्या हासडल्या असत्यास, आणि मला तुझी लाज वाटली असती. आता तू नाहीस. घरी येऊन दोनदा आंघोळ केली तरी किळस जात नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

तुला माझं काम कधी पटलं नाही. आलूवर संशोधन करते म्हटल्यावर भाकर तव्यावर तशीच ठेवून तू माझ्याकडे पाहत राहिलीस. "आलूवर शिकून राह्यली? मंग मी जलमभर बजारात काय केलं वं?" मी सांगू लागले, की रोपाच्या जनुकांत त्याचे गुण असतात, ते वाचून ऊन सोसणारं रोप आधीच निवडता येतं, म्हणजे आपल्या वाशिमकडेही आलू पिकेल. तोवर भाकर करपली. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

आसेगावच्या बाजारात दुकान मांडण्याआधी तू प्रत्येक पोतं जमिनीवर ओतायचीस. सडके आलू हातानं वेगळे काढून गिऱ्हाइकासमोरच ठेवायचीस, झाकायची नाहीस. शेजारच्या बाया हसायच्या. मी फ्रॉकनं नाक दाबते, तू माझा हात खाली ओढतेस. "नाक काहून दाबून राह्यली? आपलाच माल हाये. आपल्या मालाची घाण आपल्यालेच घ्या लागते." तुझ्या त्या चिकट हातांची मला शिसारी यायची. ते धुऊन तू भाकर पुढे करायचीस, तरी घशाखाली उतरायची नाही.

या हिवाळ्यात त्याच आसेगावला, संस्थेनं भाड्यानं घेतलेल्या वावरात, आम्ही आमचं नवं वाण लावलं. निवड माझी होती, कित्येक वर्षं डोळे फोडून केलेली. झाडं उन्हाला छान टिकली. काढायला गेलो तर जमिनीत नुसता लगदा. काळ्या मातीनं पाणी धरलं आणि आलू आतल्या आत सडले. आम्ही उन्हाचं पाहिलं, सडण्याचं पाहायचंच राहिलं. वाईट वाटलं, पण संशोधनात असं होतं, पुढच्या खेपेला तेही पाहू, असं मी मनाशी म्हटलं. सडक्या आलूंचं एक पोतं प्रयोगशाळेत तपासायला न्यायचं म्हणून शिवून जीपमध्ये टाकलं, ते तिथेच राहून गेलं.

काही दिवसांनी संस्थेच्या साहेबांनी तिथेच शेतकरी मेळावा ठेवला. मंडपात पाहते तर आलूंच्या भरगच्च टोपल्या, वर फलक 'आपल्या मातीतला आलू', आणि खाली माझं नाव. एक आलू उचलला तर बोटांना ओला चिखल लागला. काढून इतके दिवस झालेल्या आलूला ओला चिखल कसा? पुसला, तर खाली आलूच्या डोळ्यांत, कोंब फुटतात त्या खळग्यांत, पिवळसर रेती; आसेगावची माती तर काळी. साहेबांनी कारंज्याच्या बाजारातून बाहेरगावचा माल आणवला होता आणि नवरीला हळद लावावी तशी त्याला आसेगावची माती चोळून घेतली होती! मी जाब विचारला, तर चहाचा घोट घेत म्हणतात, "मॅडम, लोकांना काहीतरी दाखवावं लागतं. वाण काय, सुधारेल पुढं." आणि हसतात. इतकं ओंगळ हसू मी आजवर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारी टोपलीतला आलू पदराला पुसत माझ्याकडे आली. "बाई, याचं बेनं कवा भेटन? पुढच्या साली मी हरभरा नाई पेरत. सारं वावर हेच लावतो."

मी जीपकडे गेले. कॉलेजला निघताना तू दिलेली पोती शिवायची दाभण अजून माझ्या पर्समध्ये असते. तिनं शिवण उसवली, पोतं मंडपात फरफटत आणलं आणि साहेबांच्या पायाशी ओतलं. "हा आमचा आलू. टोपल्यांतला बाजारातून आणलाय." अशी घाण उठली की पुढचे पाहुणे खुर्च्या पाडत पळाले. साहेब नाही नाही ते बोलले. उद्यापासून कामावर येऊ नका, असंही बोलले. म्हातारी मात्र हलली नाही. खाली वाकली, लगद्यातला एक आलू बोटानं दाबून पाहिला, हात लुगड्याला पुसला. "बरं झालं माय, दाखोलं. मी आपला हरभराच पेरतो."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगायला हरकत नाही. संध्याकाळपासून फोन येतायत, हिंमत केलीस म्हणतायत. साहेबांची मला किळस आली ती खरीच, आणि ती जाणारही नाही. पण ते पोतं माझ्या आलूंचं होतं, माय, आणि ते ओतण्याआधी मी ओढणीनं नाक घट्ट बांधून घेतलं होतं.