नावाचा खण

सक्करदरा, नागपूर
९ जानेवारी १९८९

चि. उत्तरास आजीचे पोटभर आशीर्वाद.

नात पुण्याले कॉम्प्युटर चालवते हे मी गल्लीभर सांगत फिरते, पण आज माहं डोकं तापलं हाये. धंतोलीच्या दवाखान्यात मोतीबिंदूची तपासणी केली तवा तुह्या बाबानं रुखमाबाई लिहवलं. काल सोबत ताराचंद होता. माहा भाऊच तो, मले माहेरच्या नावानं प्रयागच म्हणते. त्यानं ऑपरेशनचा नंबर प्रयागच्या नावानं लावला. कारकून म्हणे, तपासणी एकीची, नंबर दुसरीचा, या दोन बाया हायेत, ऑपरेशन रद्द! अवं, लग्नात तुह्या आजोबानं तांदळात नवं नाव काढलं, तर माहे डोळे का चार झाले? वरून म्हणे, प्रोग्राम पुण्याच्या उत्तरा मॅडमचा. म्हणजे माह्या डोळ्याले माहीच नात आडवी!

लोभ आहे म्हून लिवते.
तुही आजी

पुणे
१५ जानेवारी १९८९

ती. आजीस, कृ. सा. न.

चूक माझीच. आम्ही ‘पेशंट’ नावाचा क्लास करतो, म्हणजे एक कोरा फॉर्म समज. प्रत्येक पेशंटला त्याची वेगळी प्रत. त्यातले नाव, वय, गाव हे खण म्हणजे प्रॉपर्टी. नावाला मी एकच खण ठेवला होता. आता ‘जुनं नाव’ हा खण वाढवून फ्लॉपी पाठवली आहे. राग गिळ आणि लोभ राहू दे.

तुझी उत्तरा

सक्करदरा
२४ जानेवारी १९८९

चि. उत्तरास आशीर्वाद.

प्रॉपर्टी म्हणजे वावर, एवढंच मले ठाऊक होतं. पण ‘जुनं’ काहून? जुनं लुगडं असते. बापानं ठेवलेलं नाव जुनं होत नाही वं! ‘पहिलं’ लिव.

काल कारकून लाईनीतल्या समद्या बायांले ते नाव पुसून राहिला होता. कोणी गोदा निघाली, कोणी चंद्रभागा; हसून हसून पुरेवाट. मंग मौद्याकडची एक म्हातारी आली. तिले आठवेच ना. म्हणे, साठ वर्सं झाली, कोणी हाक मारली नाही. कारकून म्हणे, खण खाली सोडतो. मी म्हटलं, खबरदार! तिले आठवू दे. माहा नंबर पुकारला तरी मी तिच्यापासून उठली नाही.

नंबर गेला, ऑपरेशन आता बुधवारी. म्हातारीबी तवाच येते; अजून आठवून राहिली असन.

माया पातळ करू नको.
तुही आजी