खोडलेल्या ओळी

म्हैसूर, ता. १६ जानेवारी १९१८

ती. दामोदरदादांस सोयरेचा शि. सा. न. वि. वि.

मोडलेल्या पायाला आराम असेल. खाटेवर पडल्या पडल्या साऱ्या घराला हुकूम सोडता असं वहिनी लिहितात, तेव्हा प्रकृती ठीक आहे हे कळलं. माझा जीव मात्र थाऱ्यावर नाही.

हे रिसाल्याबरोबर इजिप्तकडे गेले त्याला तीन वर्षं झाली, आणि श्रावणापासून एक अक्षर नाही. गावात मात्र बातम्यांना तोटा नाही. नरसिंगरावांची बायको सांगते, वाळूत पुरले. दुसरं कुणी सांगतं, तुर्कांनी धरून नेले. हिनकलच्या जोशांनी पत्रिकेत मारकेश, म्हणजे मृत्युयोग, काढला. रोज नवी बातमी, आणि रोज मी तिच्यामागे धावते. अशानं मला वेड लागेल.

मामंजींनी तर मुलगा गेला असंच धरलं आहे. देह नाही, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून पुढच्या शुक्रवारी दहन करायचं ठरलं आहे. त्या दिवशी माझं कुंकू पुसतील. मी तोंड उघडलं की ‘सुम्ने, गप्प बस’ म्हणतात, आणि भिंतीकडे वळून स्वतःच रडतात. ते दुष्ट नाहीत हो, मुलाला गती मिळावी एवढंच त्यांना हवंय. मी कुणाचं खरं मानू?

तुमची बहीण,
सोयरा

बंगळूर, ता. १८ जानेवारी

चि. सौ. सोयरेस अ. उ. आ.

रडणं बाजूला ठेव, आधी एक काम कर. सांगणाऱ्या प्रत्येकाला एकच विचार: तुम्ही स्वतः पाहिलंत का? ऐकलं म्हणेल त्याला पानसुपारी देऊन वाटेला लाव. जोशांनाही. मग उरेल ते मला लिही, कितीही क्षुल्लक असो.

आणि मामंजींना नम्रपणे विचार की त्यांची एवढी खात्री कशाने झाली. येसाजीराव जुने शिलेदार आहेत. बाजारगप्पांवर मुलाचा पुतळा जाळणारे नव्हेत.

तुझा दादा

म्हैसूर, ता. २० जानेवारी

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

विचारलं. नरसिंगरावांच्या बायकोने दिराकडून ऐकलेलं, दिराने न्हाव्याकडून, आणि न्हावी म्हणतो मी बोललोच नाही. सगळ्यांचं असंच. मला हसूही आलं आणि रडूही.

मामंजी मात्र आज सकाळी बोलले. पंधरवड्यापूर्वी डाकवाल्याने एक कार्ड दिलं. वर श्री नाही, नमस्कार नाही, सारं इंग्रजी छापील, आणि ओळीमागून ओळ काळ्या रेघेने खोडलेली. मरणाच्या पत्रावर आपण श्री घालत नाही, आणि ते घरात आणत नाही. त्यांना इंग्रजी येत नाही, पण ते पाहूनच समजले. उंबऱ्याबाहेर फाडलं, विहिरीवर अंघोळ केली, आणि मनात ठेवलं.

तुम्ही म्हणालात, उरेल ते लिही. एवढंच उरलं, दादा. आता मी काय समजायचं?

सोयरा

बंगळूर, ता. २१ जानेवारी

चि. सौ. सोयरेस अ. उ. आ.

पुतळा थांबव! ते मरणाचं पत्र नव्हे. पाय मोडण्याआधी छावणीतल्या माझ्या कचेरीत असली कार्डं रोज पाहत होतो. लढाईवरच्या शिपायाला सवड नसली की सरकार छापील कार्ड देतं. मी खुशाल आहे, मी इस्पितळात आहे, आजारी आहे, जखमी आहे, बरा होतो आहे, तुमचं पत्र मिळालं, अशा ओळी. खरं नसेल ते खोडायचं, खरं तेवढं ठेवायचं, खाली सही. वर एक अक्षर लिहिलं तर कार्ड रद्द. मग श्री कुठून येणार? आणि मेलेला माणूस ओळी खोडत नाही, सोयरे.

तार करणार होतो, पण इंग्रजी तार पाहून मामंजी तीही फाडतील याची भीती वाटली. या पायाने गाडीत चढता येत नाही, नाहीतर मीच आलो असतो. तुकडे शोध. ओळी क्रमाने मराठीत लिहून सोबत ठेवल्या आहेत.

दामोदर

म्हैसूर, ता. २४ जानेवारी

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. पुतळा परवाच जळला. भटजींना शुक्रवारी नंजनगुडला जायचं होतं, म्हणून विधी अलीकडे घेतला. मी पत्र वाचलं ते उघड्या कपाळाने.

मामंजी रक्षा घेऊन श्रीरंगपट्टणला निघाले होते. कार्डाचे तुकडे त्यांनी टाकले नव्हते. मुलाची शेवटची खूण म्हणून रक्षेबरोबर कावेरीत सोडायला फडक्यात बांधले होते. मी जटक्याच्या घोड्यापुढे आडवी झाले. लोक काय म्हणतील ते म्हणोत, अंगणात बसून तुकडे जुळवले आणि ओळी मोजल्या. खुशाल आहे, खोडलेलं. आजारी आहे, खोडलेलं. इस्पितळात, जखमी आणि बरा होतो आहे, या तीन ओळी मोकळ्या, खालच्या बाकी सगळ्या खोडलेल्या. खाली त्यांची मोडी सही. तारीखही मोडीत, सात डिसेंबर. त्यापुढचं मला काही ठाऊक नाही, आणि आळीत कुणाला विचारणारही नाही.

मामंजी भुईवर बसले. मग मी कुणाची रक्षा घेऊन चाललो होतो, असं मलाच विचारत राहिले.

भटजी म्हणतात, शास्त्राने ते आता गेलेलेच. परत आले तर तुपाच्या घागरीत बसवून नवा जन्म द्यायचा, बारसं करायचं, आणि माझ्याशीच पुन्हा लग्न लावायचं. तोवर कुंकू नाही. एकही सवाशीण मला कुंकवाचं बोट लावायला तयार नाही.

आज सकाळी मामंजींनी वारलेल्या सासूबाईंचा कुंकवाचा करंडा आणून माझ्यापुढे ठेवला आणि पाठ फिरवून उभे राहिले. मी माझ्या हाताने लावलं. अर्धं नाकावर सांडलं.

इस्पितळाचा पत्ता काढून इंग्रजीत पत्र तुम्ही लिहा, आजच लिहा. माझ्यावरची माया आहे तशी राहू द्या. आणि मला पत्र घालाल तेव्हा आळीतल्या सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात पाकिटावर ‘सौ.’ लिहा.

सोयरा