सांदणावरचे दात

प्रिय विनेश,

तुझ्या दाजीचा सप्रेम जयभीम. गुडघा आता जिना चढू देतो का? शकूचा खोकला बसला का? (अडुळशाचा काढा तिने प्यायला नसणार, हे गृहीत धरूनच विचारतोय.) इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. माझ्यावर चोरीचा आळ आहे आणि तो शास्त्राने सिद्ध झालाय. एसटीत आयुष्यभर कंट्रोलरकी केली, प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या, पण चोर कोणी म्हटलं नव्हतं. ते म्हातारपणी नातीकडून ऐकायचं राहिलं होतं.

गेल्या रविवारी तू दिवेआगरला आलास म्हणून तुझ्या बहिणीने सांदणं केली. (वादळातून वाचलेल्या आमच्या एकुलत्या एका फणसाची. तू खाल्लीस, प्रांजलीने खाल्ली, मी वास घेतला. डॉक्टरांनी माझी साखर, गूळ, फणस सगळंच तोडलंय, वासाचं तेवढं ते विसरले.) सोमवारी पहाटे तू पहिल्या बोटीसाठी दिघीला निघालास, आणि उजाडल्यावर मागच्या पडवीत कट्ट्यावर अर्धं खाल्लेलं सांदण सापडलं. एरवी असली वस्तू कोंबड्यांना टाकतात. पण आमच्या मितेशची ही लेक पडली फॉरेन्सिकच्या दुसऱ्या वर्षाला. तिने शेजारी फूटपट्टी ठेवून सांदणाचे फोटो काढले (माझ्या साठीला एवढे फोटो काढले नव्हते), ते पिशवीत घालून फ्रीजमध्ये कोलंबीच्या डब्यावर ठेवलं आणि माझी कवळी मागितली.

मी दिली. तिथेच फसलो. कवळी प्लास्टरमध्ये गेल्यावर चौकशी सुरू झाली, आणि बिनदाताच्या माणसाने कितीही खरं सांगितलं तरी ते गुन्हा कबूल केल्यासारखंच ऐकू येतं. मी कसंबसं विचारलं, बाई गं, बाकीच्यांचे दात का नाही बघत? तर म्हणते, बाकीच्यांना चोरून खायचं कारणच काय? मग तिने कॉलेजातल्या सरांना व्हिडिओ कॉल लावला. आधी माझं नाव सांगितलं, मग माझी शुगर सांगितली, आणि मग फोटो दाखवला. सरांनी जुळतंय म्हणून टाकलं, वर शंकेला जागाच नाही म्हणाले. (चष्मा त्यांनी त्यानंतर लावला.) अरे, आम्ही गाडी वळणावर डोळ्यांनी दिसत असतानासुद्धा 'अंदाजे' पाच मिनिटांत येईल म्हणायचो.

"आजोबा, माणूस खोटं बोलतो, पुरावा बोलत नाही," प्रांजली म्हणाली. पोर वाईट नाही रे, शिकवलंय तसं केलं तिने. तुझी बहीण म्हणशील तर या सगळ्यात एक अक्षर बोलली नाही.

आता खरी गोम तुला माहीतच आहे. विहारात कवळ्यांचं शिबिर झालं होतं, तेव्हा डॉक्टर सगळ्यांच्या तोंडात बोट फिरवून गेला आणि महिन्याने एका गोणत्यातून कवळ्या आल्या. लहान, मधली, मोठी. ज्याला जी बसली ती त्याची. मला मधली, तुला मधली, अर्धी वाडी त्याच मधल्या कवळीने भाकरी चावते. म्हणजे ते सांदण कोणीही खाल्लं असतं तरी दात माझेच उमटले असते. पण हे मी प्रांजलीला सांगितलेलं नाही.

तिकडे मितेशला कळलंय. येत्या रविवारी तो गाडी घेऊन येतोय. बाबांवर भरवसा राहिला नाही, ऐरोलीला नजरेखाली ठेवतो म्हणतो. तुझी बहीण इथेच राहणार, नाहीतर वाडीला पाणी कोण शिंपणार? लग्न झाल्यापासून, तिची बाळंतपणं सोडली तर, आम्ही एक रात्र वेगळे राहिलेलो नाही. मला भीती वाटते रे. कोणाशी बोलायची सोय नाही, फोनवर बोलावं तर घरभर कान. म्हणून हे पत्र बोटीवरच्या कान्हाच्या हाती देतोय.

तुझा दाजी,
शिवदास

ता. क. : सहज लिहिलं असं नाही, काम आहे. प्रांजलीला फोन कर आणि सांग की सांदण तू खाल्लंस, बोटीची वेळ झाली म्हणून अर्धं टाकलंस. तुला शुगर नाही, कोणी कुठे नेणार नाही. कवळी मागितली तर बेलाशक दे, जुळेल. पण मागणार नाही. एकदा कबूल केलं की पुढे कोणी दात मोजत बसत नाही.

ता. क. २ : कवळ्यांचं सांगून मी मोकळा का होत नाही, असं विचारशील. तुझ्या बहिणीची, तुळशीची, कवळीही मधलीच आहे. गेल्या महिन्यात तिलाही शुगर निघाली, ते आम्ही मितेशला सांगितलेलं नाही. कळलं तर तो माझ्याऐवजी तिला नेईल. त्या पहाटे तू गेल्यावर ती पडवीत पाय सोडून, डोळे मिटून सांदण खात बसली होती. मी आतून खोकलो, तशी ते कट्ट्यावर ठेवून चुलीपाशी पळाली. मी खोकायला नको होतं.

ता. क. ३ : प्रांजली फोन स्पीकरवर घेते, तुळशी शेजारीच असेल. सांदण फार सुरेख झालं होतं, असं जरा मोठ्याने सांग. तू खोटं बोलतोयस हे तिला लगेच कळेल, पण ती बोलायची नाही. मीच सांगितलं असतं तिला. पण आता या घरात मी सांदण चांगलं झालं म्हटलं, तर तो पुरावा होईल.