पश्चिमेकडचं तोंड

बाबा, डोंगरावरच्या त्या इमारतीचं पश्चिमेकडचं तोंड मी बंद करायला सांगितलं आहे. तुला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. तू गेलास तेव्हा मी शाळेत होते. पुढे मी आर्किटेक्ट झाले. आपल्या घरातली पहिली पदवी. पेढे वाटताना आई शेजारणीला सांगत होती, "पोरगी कागदावर घरा काढते आता." मुंबईत एका बाईंच्या हाताखाली मी काम करते. बोईसरच्या पूर्वेला, जुन्या किल्ल्याच्या वाटेवर, चढून आलेल्या माणसांना टेकायला, पाणी प्यायला आणि शाळेच्या मुलांना डोंगर समजून घ्यायला एक इमारत हवी होती. बाईंनी ती माझ्यावर सोपवली, कारण मी इथली.

तिथे नुसता काळा कातळ आहे. झाडं आहेत ती सगळी एका बाजूला कललेली. वारा असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. मी जागोजागी बांबू रोवले, त्यांना आईच्या जुन्या साडीच्या पट्ट्या बांधल्या आणि ऋतूमागून ऋतू त्या कशा उडतात ते पाहत राहिले. दुपार झाली की समुद्राचा वारा खालची वस्ती, रसायनांचे कारखाने, भातखाचरं ओलांडून वर चढतो आणि सगळ्या पट्ट्या पूर्वेकडे ताणल्या जातात. म्हणून मी इमारत ठेंगणी ठेवली, कातळाला पाठ लावून. पश्चिमेला रुंद तोंड, आत निमुळती होत गेलेली. वारा आपणहून आत यावा, पंख्याची गरजच पडू नये. इमारतीने वाऱ्याशी भांडू नये, हे मी बाईंना इतक्यांदा ऐकवलं की त्या म्हणाल्या, "बाई गं, लग्न लाव आता त्या वाऱ्याशी."

हे वेड तुझ्यामुळेच लागलं. तुझ्या कारखान्याच्या छपरावर लाल-पांढरी कापडी पिशवी होती, वाऱ्याची दिशा दाखवणारी. शाळेतून येताना ती कुठे तोंड करून आहे ते बघायचं, अशी तुझी सक्ती. एकदा धोक्याचा भोंगा वाजतो, माणसं गेटातून बाहेर पळत सुटतात, आणि मी दप्तर टाकून सरावलीच्या वाटेला लागते, घराकडे. तू मागून येऊन माझी वेणी धरतोस. "घराकडं काय पळतेस? घर काय वारा अडवणार हाय? पिशवी बघ. वारा जातो तिकडं नाय जायचा, आडवा पळायचा!" त्या दिवशी तू मला मारलंस, पहिल्यांदा आणि शेवटचं. संध्याकाळी वडापाव आणलास आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिलास. भोंगा का वाजला, ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. पुढे तू खोकत खोकत गेलास तेव्हाही कुणी काही सांगितलं नाही. दवाखान्यात बिडीवर बोट ठेवलं. तू बिडी ओढत नव्हतास.

गेल्या महिन्यात भिंती उभ्या राहिल्यावर बाई बघायला आल्या. दुपारी वारा चढला आणि मी आखला होता तसाच तोंडातून आत शिरला. माझा ऊर भरून आला. बाईंनी मात्र पदर नाकाला लावला. "हा कसला वास गं?"

"कुठला?" मी विचारलं.

त्यांनी गवंड्यांकडे पाहिलं. गवंडी सरावलीचेच. "वास? नाय बाई, वारा हाय नुसता." सळ्या वाकवणारा बोईसरचा कामगार हसला, "हवा है मैडम, मुंबई में कहाँ मिलेगी?" आम्ही सगळेच हसलो. बाई हसल्या नाहीत, त्या बाहेर जाऊन कातळावर ओकल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझेही डोळे चुरचुरत होते, गवंड्यांचेही. डोळ्यांना कळत होतं, नाकाला नाही. वारा कसा आहे ते मी वर्षभर इथल्याच माणसांना विचारलं होतं, आणि सगळे म्हणाले होते, छान.

केळव्याची मैत्रीण आहे माझी, कारखान्यांपासून दूर, सुपारीच्या वाडीत वाढलेली. तिला मी पुन्हा पुन्हा वर नेलं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "काय नाय गं." दुसऱ्या दिवशी वाटेतच थांबली. "तुमचा बोईसरचा अत्तर! नाक हाय का भोक हाय तुला?" मग दोन दिवस काही नाही, मग पुन्हा. वास कधी येणार ते पट्ट्या बघून कळत नव्हतं, त्या नेहमीसारख्याच उडत होत्या.

मी बाईंना सांगितलं, तोंड बंद करू, दार उत्तरेला कातळाच्या आडोशाला घेऊ, आणि वाऱ्याला आडवी जाणारी उतरायची वाट काढू. छपरावर पिशवीही लावू.

"पिशवी? फिरायला आलेल्या लोकांना घाबरवायचंय?"

"हो."

"अगं, मग उरतं काय त्या इमारतीत? कोठार."

"उरू दे कोठार."

त्यांनी नकाशा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "काढ." पिशवीचं काय, ते बोलल्या नाहीत. मी ती नकाशात काढून ठेवली आहे. आता गवंडी पश्चिमेला दगड रचताहेत आणि आत दुपारीही अंधार पडायला लागला आहे. वारा बाहेरून भिंतीला घासत जातो. तो काही थांबलेला नाही.

हे तुला कुठे पाठवणार? आईला वाचून दाखवायचं धाडस नाही. काल सरावलीला गेले होते. आई दारात दोरीवर धुणं घालत होती. गेल्या महिन्यापासून तीही खोकते आहे. तास-दोन तासांसाठी डोंगरावर येणाऱ्या अनोळखी माणसांसाठी मी उभी इमारत फिरवली, आणि ही जन्मभर इथेच आहे. तिने मान वर करून पाहिलं, म्हणाली, "आज वारा बरा सुटलाय, नाय?"

मी हो म्हणाले.