माझं बटण हिरवं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार, सकाळी ११

नवी डायरी. सुबोधला ऑफिसात मिळाली, त्याला नको होती. आमची ही, रत्नप्रभा, गावी पत्र लिहायची तेव्हा आधी एकेकाच्या तब्येतीची चौकशी, मग कामाचं. तीच पद्धत ठेवतो. तोंडावर विचारलं तर या घरात कुणी धड उत्तर देत नाही, म्हणून इथे विचारतो.

सुबोध, पाठ कशी आहे रे? पट्टा खुंटीलाच दिसतो. जान्हवी, पित्ताचं काय? उपाशीपोटी चहा ढोसून पळतेस, सासऱ्याला दिसत नाही असं समजू नकोस. प्रांजल, हलता दात पडला का गं? रत्नप्रभा, तुला काय विचारणार. तुझ्या फोटोची काच पुसली.

मी ठणठणीत.

आता कामाचं. प्रांजल आठ वर्षांची, माझी एकुलती एक नात. तिला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात, तो शब्द मला मान्य नाही. पोर मग्नबिग्न नाही, तिला सगळं ऐकू येतं, आपल्यापेक्षा जास्त. आवाज वाढला, काही अचानक बदललं, की तिच्या मनात एवढं दाटतं की ते कुठे ठेवायचं कळत नाही. मग कानांवर हात, किंकाळी, डोकं भिंतीवर. दुपारी एक ते सहा ती माझ्याकडे असते. मला जमलं नाही तर ती मंडळी पार्ल्याला, जान्हवीच्या आईजवळ राहायला जाणार. पाडव्यापर्यंत बघू, असं जान्हवी सुबोधला म्हणाली. मी चोरून ऐकलं नाही, घर लहान आहे.

पाडव्याला पंचावन्न दिवस. भरपूर झाले.

५ फेब्रुवारी, बुधवार

संघमित्रा मॅडम (प्रांजलच्या थेरपिस्ट, वयाने पोरगेल्या पण समजूतदार) यांनी चार रंगांचा तक्ता दिला. हिरवा म्हणजे बरं वाटतंय, निळा म्हणजे उदास, पिवळा म्हणजे घाबरंघुबरं, लाल म्हणजे राग. भावनेला नाव मिळालं की तिचा जोर कमी होतो म्हणाल्या. प्रांजलने तक्ता अर्ध्या तासात फाडला. कागदच तो. मी मुलुंड पूर्वेला चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलं, कुणाच्या हाताखाली न शिकता. माझा कागदावर विश्वास नाही.

बटणांचा डबा काढला. हिरवं फ्रॉकचं, निळं शाळेच्या युनिफॉर्मचं, पिवळं कुठल्याशा झबल्याचं. लाल मात्र लेडीज कोटाचं, मागे पितळी कडी. प्रांजलने चारही ओळीत लावली, एकेक गालाला लावून बघितलं. झकास. मॅडम एवढं कॉलेज शिकल्या, मी एका डब्यात भागवलं.

जान्हवी म्हणाली, बाबा, ती कापडावर पक्की शिवून द्या, सुटी नकोत. शिंप्याला शिव म्हणून सांगावं लागतं का? उद्या शिवतो.

९ फेब्रुवारी, रविवार

परीक्षा घेतली. प्रश्न: आबांना आत्ता कसं वाटतंय? तिने निळं उचलून दिलं. चूक. आबांचं बटण हिरवं, असं सांगून हिरवं माझ्या तळहातावर ठेवून दाखवलं. तिने ते काढून घेतलं, परत निळं. पाच वेळा विचारलं, पाच वेळा निळं. सराव कमी पडतोय.

अडचण आणखी एक. दोस्त राजारामच्या पँटला टीप मारायला पायमशीनवर बसलो की ही मशीनखाली जाऊन बसते. लोखंडी जाळीला गाल टेकून. तासभर हलत नाही, बोलत नाही, धडा बुडतो. निश्चय: प्रांजल घरात असताना मशीन बंद.

पँट राहिली. बटणंही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेची व्हॅन पाऊण तास उशिरा. ती उतरली तेव्हा म्हटलं, जीव भांड्यात पडला. घरात शिरल्यावर ही सरळ ओट्याकडे. एकेक भांडं उघडून आत बघते. पातेली, डबे, कुकर. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात. आबांचा जीव शोधत होती. मी हसून बेजार.

संध्याकाळी जान्हवीला सांगितलं, ती हसली नाही. म्हणाली, बाबा, तिच्याशी सरळ बोला, ती शब्द धरून चालते. मॅडमचंही फोनवर तेच. छोटी वाक्यं, सरळ वाक्यं.

मी काय आडवं बोलतो? बोलण्यात चिमूटभर मीठ असावं. पोरीला अळणी मराठी कशाला?

बटणं सोमवारी नक्की. सुईत दोरा जात नाही, नंबर बदललाय. चष्मा टाकलाय करायला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वरच्या मजल्यावर लादी कापायचं काम काढलंय. कटरचा आवाज दाढेत जातो. प्रांजल दोनदा भिंतीकडे गेली. वर जाऊन ठेकेदाराला समजावलं. राजाराम (पोस्टातून रिटायर, बी विंगमध्ये राहतो) म्हणतो, तुझं समजावणं गेटपर्यंत ऐकू आलं. माझ्या हातात फूटपट्टी होती हे खरं. ती मोडली हेही खरं. पण राग नव्हता. मी राग गिळतो. सगळंच गिळतो. रत्नप्रभा गेली त्या दिवशी स्मशानात एक थेंब काढला नाही. लोक म्हणाले, दशरथ मनाचा घट्ट.

राजाराम म्हणाला, तू त्या पोरीला शिकवतोस की ती तुला? वर म्हणाला, माझी पँट दे, अजून किती दिवस लुंगीवर फिरू. विनोद करतो. त्याच्याकडे चार पँटी आहेत.

ठेकेदार कबूल झाला, दुपारी दोन ते चार कटर बंद. बोलण्यात वजन लागतं.

४ मार्च, मंगळवार, दुपारी ३.२०

कटर दोन वाजताच सुरू झाला. प्रांजलच्या कपाळाला टेंगूळ. मी धरायला गेलो तर माझ्या मनगटाला चावली. पण आज यश. लिहून ठेवलं पाहिजे.

लाल बटण तिच्या मुठीत दिलं. म्हटलं, "हा राग ना? गिळ बाळा. आबा गिळतात तसा गिळून टाक." आणि घोट घेऊन दाखवला. तिने माझ्या गळ्याकडे टक लावून बघितलं. मग तिनेही गिळला. किंकाळी बंद. भिंतीला टेकून शांत बसली. महिनाभर तक्त्याने झालं नाही ते एका शब्दाने झालं. मॅडमना फोन करावा का? नको, बिचारीला वाईट वाटेल.

३.५०

हिरवं, निळं, पिवळं आहेत. लाल दिसत नाही. मशीनखाली गेलं असेल.

४.०५

मशीनखाली नाही. प्रांजलला विचारलं, लाल कुठे? तिने गळ्यावर बोट ठेवलं. मग पोटावर. मग माझ्याकडे बघून हसली, बरोबर उत्तर दिल्यासारखी.

५ मार्च, बुधवार

एक्स-रेत बटण दिसतच नाही. फक्त पितळी कडी. एवढीशी. डॉक्टर म्हणाले, पोटात उतरलंय, आपोआप पडेल, नजर ठेवा. मी त्यांना सांगत होतो की कोटाच्या बटणाची कडी गुळगुळीत असते, टोचत नाही. सुबोध म्हणाला, बाबा, जरा बाहेर बसा. बसलो.

खरा दोष चष्मेवाल्याचा. मागच्याच आठवड्यात देणार होता.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी पडलं, कडीसकट. जान्हवी रजा टाकून तीन दिवस हातमोजे घालून बघत होती. मला एकदाही हाक मारली नाही. बटण धुऊन माझ्या मशीनवर ठेवलं. मी म्हटलं, चला, जीव भां— पुढे बोललो नाही.

९ मार्च, रविवार

जान्हवी ओरडेल असं धरून चाललो होतो. उत्तरं तयार होती. ती ओरडली नाही. माझ्या स्टुलावर बसली, मांडीवरची चिंधी उलटसुलट करत राहिली.

"बाबा, प्रांजल कुणाचं ऐकत नाही असं सगळे म्हणतात. तुमचं ती ऐकते. म्हणून झालं हे."



पार्ल्याला तिच्या आईच्याच बिल्डिंगमध्ये भाड्याची जागा मिळाली. अकरा महिन्यांचा करार, पाडव्याला मुहूर्त. सुबोध म्हणाला, अकरा महिनेच बाबा. मीच म्हणालो, जा. एका परीने ही माझीच कल्पना म्हणायला हरकत नाही.

२९ मार्च, शनिवार

खोकी बांधून झाली. खोक्यांनी प्रांजल बावरली, खोलीत गोल गोल फिरत होती. मी एकदम शांत. राजाराम साक्षीला होता. तिने डब्यातून निळं शोधून काढलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं.

"आबा निळं."

आजच्या दिवसातलं तिचं पहिलं बोलणं. मी म्हटलं, नाही गं, हिरवं, आबा मजेत आहेत. तिने खिसा वरून तळहाताने दाबून धरला. बराच वेळ. राजारामने तोंड फिरवलं. त्याला सर्दी झालीय.

३० मार्च, पाडवा

टेम्पो नऊ वाजून दहा मिनिटांनी गेला. यंदा गुढी पार्ल्याला. इथेही काठी आहे, रत्नप्रभाची जरीची साडी आहे, पण बांधताना खाली काठी धरायला कुणीतरी लागतं. राहू दे.

घर केवढं मोठं झालं. आता राहिलेली कामं उरकता येतील. उद्यापासून पँट.

६ एप्रिल, रविवार

मॅडमनी सांगितलंय, नवी जागा अंगवळणी पडेपर्यंत महिनाभर भेटायला कुणी नको. भेटायला आलेलं माणूस निघून जातं, तेव्हा तिला जास्त त्रास होतो. शास्त्रीय आहे. नाहीतर मुलुंडहून पार्लं काही लांब नाही.

पँट घेऊन मशीनवर बसलो. पाय खाली टाकताना जपून टाकला. खाली कुणी नव्हतं. पँट राहिली.

१३ एप्रिल, रविवार

सुबोधचा फोन. तिकडे प्रांजलला रोज त्रास होतोय. जेवायच्या टेबलाखाली जाते, बाहेर येते, आजीच्या टेबलाखाली जाते, तिथूनही बाहेर. तोंडाने घर्र घर्र करते. मॅडम विचारतायत, मुलुंडला ती कशाने शांत व्हायची? मी म्हणालो, बटणांनी. फोन ठेवला.

मशीनकडे बघत बसलो. पाऊण तासाने मीच फोन लावला. म्हटलं, सुबोध, बटणांनी नाही रे. मशीन चालायची तेव्हा ती खाली बसायची. मीच बंद केली होती.

मी म्हटलं, मशीन पाठवतो, टेम्पोचं मी बघतो. चालवायला मीही येतो, कोपऱ्यात बसेन.

१७ एप्रिल, गुरुवार

जान्हवीचा मेसेज. मशीनला जागा नाही. आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पाच मिनिटं पुरे. खाली वेगळ्या ओळीत: बाबा, मध्ये बोलू नका प्लीज, ती तुम्हाला शोधत बसेल.

राजारामने मोबाइल धरला. रिकामी मशीन चालवली तर आवाज वेगळा येतो, तिला कळलं असतं. म्हणून त्याचीच पँट घेतली. पहिल्या खेपेला मी "चालू झालं का रे" म्हणालो. गेलं. दुसऱ्या खेपेला शेजारचा कुकर. तिसऱ्यांदा छान चाललं होतं, पण चौथ्या मिनिटाला माझा आवाज आला. बोलत नव्हतो मी. राजाराम म्हणाला, हे नको पाठवू दशरथ. चौथ्या खेपेला तोंडावर टॉवेल बांधून बसलो. पाच मिनिटं मिळाली. पाठवलं. जान्हवीकडून अंगठा आला.

टीप वाकडी गेली. उसवून परत मारतो म्हटलं, तर राजारामने पँट ओढून घेतली. असू दे, अशीच घालतो म्हणाला.

संध्याकाळी सुबोध म्हणाला, मोबाइल गालाला लावून टेबलाखाली वीस मिनिटं बसली, एकदम शांत. उत्तम. म्हणजे माझं काम पाच मिनिटांचंच होतं.

२० एप्रिल, रविवार, सकाळी ११

चष्मा मिळाला. आज कापडाचे दोन चौकोन कापले, एकावर बटण शिवलं. सोबत पत्र. राजाराम म्हणतो दोन दिवसांत पार्ल्याला पोचेल, पोस्ट त्याच्या बापाचं असल्यासारखा. पत्राची नक्कल इथे ठेवतो.

प्रांजल,

तुझा दात पडला का? आईचं पोट दुखतं का? बाबांची पाठ दुखते का? पार्ल्याची आजी बरी आहे का?

मुलुंडचे आबा बरे नाहीत. आजी वारली तेव्हापासून आबा निळे आहेत. तू पाच वेळा निळं दिलंस. पाचही वेळा तुझं उत्तर बरोबर होतं. आबा चूक होते.

राग गिळायचा नाही. बटण गिळायचं नाही. आबांनी चुकीचं शिकवलं. आबांनाही गिळता येत नाही.

या कापडावर आबांचं निळं बटण आहे. आठ पदरी दोऱ्याने शिवलं आहे. ते निघणार नाही. ते तुझ्याकडे ठेव.

दुसरं कापड रिकामं आहे. तुला जसं वाटतं त्या रंगाचा गोल त्यावर काढ. लाल चालेल. कुठलाही चालेल. मग आईला पोस्टात टाकायला सांग.

(इथे 'मी वाट बघतो' लिहिलं होतं. खोडलं. ती खिडकीत बसून रस्ता बघत राहील.)

उत्तर लवकर पाठव.

आबा