काउंटर विरुद्ध वेबसाइट: आमच्या दुकानातला सामना

आदरणीय दादांना,

आधी नमस्कार, मग तुमच्या डाव्या गुडघ्याची चौकशी. उजव्याची करत नाही, कारण तो तुम्ही नुसता डाव्याच्या सोबतीला दुखवता असं वहिनी म्हणत होत्या. आमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत. भांडायला तब्येत लागते, आणि ती तुमच्या बहिणीला नि तुमच्या भाचीला भरपूर मिळाली आहे. हे सगळं फोनवरच सांगणार होतो. पण फोन दुकानात आहे, दुकानात एका टोकाला तुमची बहीण बसते, दुसऱ्या टोकाला लेक, आणि लेकीने कान माझे घेतले आहेत. म्हणून मागच्या खोलीत लेसच्या गुंडाळीवर वही टेकवून लिहितो आहे. अक्षर वाकडं वाटलं तर दोष लेसचा.

तर झालं असं. भाचीला त्या मोठ्या कंपनीकडून नोकरीचं बोलावणं आलं आहे (तुमचे मित्र जिथे साहेब आहेत, तीच). गाव लांबचं, आणि होय की नाही हे शनिवारपर्यंत कळवायचं. तिने मला समोर बसवून सांगितलं, "बाबा, दुकानाची वेबसाइट होणार असेल तर मी थांबते. नाहीतर मी इथे बटणं मोजत म्हातारी होणार नाही." वेबसाइट सांभाळायचं एक सॉफ्टवेअर तिने शोधूनही ठेवलं होतं. फोटो, माहिती, नवीन माल, सगळं आपलं आपण टाकायचं, दर वेळी कुणाचे पाय धरायला नकोत. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तोच तुमच्या बहिणीने जाहीर केलं की आधी काउंटरचं सॉफ्टवेअर यायला हवं, जे बिलही करतं आणि कुठला माल किती उरला तेही सांगतं. ते न येता वेबसाइट आली, तर तुमची बहीण पंधरा दिवस तुमच्याकडे येऊन राहणार. (पंधरा हा आकडा तिचा. तुम्ही तिला ओळखता, मला महिना दिसला.)

दादा, मी रस्त्यावर सुयांचं ताट घेऊन बसलो तेव्हापासून आजपर्यंत दोन गिऱ्हाइकांचं भांडण कधी स्वतःच्या अंगावर घेतलं नाही. दोघांना माल दाखवायचा आणि गप्प बसायचं. म्हणून मी म्हटलं, रीतसर तुलना करू. दोन्ही सॉफ्टवेअरवाल्यांना एकाच दिवशी, एकाच बाकावर बसवलं. साइटवाला किडकिडीत, काउंटरवाला रुंद. मधे जागा उरली नाही. दोघेही पुन्हा पुन्हा सांगत होते की साहेब, ह्यांची तुलना होत नाही, दोन्हींची कामं वेगळी, एक दुकानाचं तोंड आणि दुसरं पोट. मी म्हटलं, होत नसेल तर आपण करू. सतरा प्रश्नांचा तक्ता स्वतः आखला. आपल्या व्यापारी मंडळाने सभागृहाच्या खुर्च्या निवडल्या तेव्हाचा तक्ता माझ्याकडे होता, त्यातले पायांबद्दलचे प्रश्न तेवढे गाळले.

वीज गेली तर काय, ह्या प्रश्नाला साइटवाला म्हणाला, दुकान अंधारात गेलं तरी साइट जागी असते. काउंटरवाला म्हणाला, आमचं यंत्र बॅटरीवर चार तास चालतं. तुमची बहीण म्हणाली, मी अकरा तास चालते. ते मी तक्त्यात लिहून घेतलं. मग तिने स्वतःचा एक प्रश्न घातला. तुम्हाला माहीत आहे, शिंपल्याचं बटण आणि प्लास्टिकचं बटण ती दातावर वाजवून ओळखते. तर ह्यांच्याकडे दात आहेत का? साइट: नाहीत. काउंटर: नाहीत. तुमची बहीण: एकोणतीस. शेवटी दोघींनी गुण दिले. लेकीने साइटला अठ्ठ्याण्णव आणि काउंटरला तीन. आईने काउंटरला अठ्ठ्याण्णव आणि साइटला तीन. बेरीज दोन्हीकडे एकशे एक. दोघींच्या मनात इतका मोजून सारखा राग असावा ह्याचं मला फार वाईट वाटलं.

बरोबरी झाल्यावर मी दोन्ही कंपन्यांना आठवडाभर फुकट चालवून दाखवायला सांगितलं. (फुकट म्हटल्यावर दोघींनीही एकदम होकार दिला. संस्कार आहेत.) आणि इथे घोटाळा सुरू झाला. आपल्या दुकानात चौदाशे खण आहेत, प्रत्येक खणावर आतलं एक बटण चिकटवलेलं. गिऱ्हाईक शर्ट घेऊन येतं, बटण जुळवतं आणि नेतं. गेल्या सत्तावीस वर्षांत कुठल्याही बटणाला नावाची गरज पडली नव्हती. पण काउंटरचं सॉफ्टवेअर नावाशिवाय पुढेच सरकेना. मग तुमच्या बहिणीने तीन दुपारी बसून चौदाशे नावं घातली, आणि घातली ती घरात चालतात ती: जे बटण जो नेतो, त्याच्यावरून. तिकडे बाकावर एकत्र बसून बसून दोन्ही सॉफ्टवेअरवाल्यांचं सूत जमलं होतं. बाहेर चहा पिताना त्यांनी परस्पर ठरवलं की दोन्ही एकमेकांना जोडून टाकू, म्हणजे काउंटरला जे नाव पडेल ते आपोआप साइटवर दिसेल. जोडलं. वाचलं कोणीच नाही. सोमवारी सकाळी साइट उघडली.

मी काही नावं देतो, तुमच्या गुडघ्याला बरं वाटेल. 'टकलू टेलर, मोठं, काळं.' 'धाकट्या डॉक्टरीणबाई, पोट सुटल्यानंतरचं.' 'घासाघीसवाली, मोती.' 'उगाच हसणारा, पितळी.' 'मुख्याध्यापक, दोनदा परत केलेलं.' प्रत्येकाखाली भाचीने काढलेला सुरेख फोटो, आणि बाजूला 'आजच मागवा'.

अकराला टेलर आला. फोन काउंटरवर आपटला आणि म्हणाला, "मालक, टक्कल मान्य आहे. पण मोठं बटण मी कधी वापरलं?" मी लेस मोजायची पट्टी तोंडासमोर धरली. तुमची बहीण मानसुद्धा वर न करता म्हणाली, "बँडवाल्यांच्या कोटांना काय लावलंत मग? पापड?" त्याने फोन उचलून खिशात घातला. मग म्हणाला, "ती लावली होती खरी," आणि दोन डझन घेऊन गेला. दुपारी मुख्याध्यापक आले. चष्मा पुसून त्यांनी साइट दाखवली. त्यांची तक्रार नावाबद्दल नव्हतीच; त्यांच्या बटणाखाली 'शिल्लक नाही' असं येत होतं. दोनदा परत आलेल्या मालाचा काउंटरच्या सॉफ्टवेअरने असा काही हिशेब लावला होता, की खणात चव्वेचाळीस बटणं असून उत्तर शून्य. "म्हणजे मी शिल्लक नाही?" असं त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं, की मी खण उपसून त्यांच्यापुढे सगळी मोजून दाखवली. चार वाजता खुद्द घासाघीसवाल्या बाई दारात. त्यांनी पर्स ठेवली, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "बटणाला नाव माझं आहे, तर मला सूट किती?"

तेव्हापासून रांग लागली आहे. कोणी नाव काढा म्हणून येतं, कोणी मलाही एक बटण द्या म्हणून. एक गृहस्थ तर बायकोच्या नावाचं बटण मागत होते, चार भोकांचं, पक्कं बसणारं. काल मायलेकी एकाच स्टुलावर अर्धीअर्धी बसून नावं बदलत होत्या. मी लेसमागून ऐकलं, दोघी हसत होत्या. मला पाहताच पुन्हा तोंडं फिरवली. एवढं मात्र मला कळून चुकलं की काउंटरचं सॉफ्टवेअर आपल्याकडे काय आहे ते सांगतं, साइट ते जगाला सांगते, आणि दोन्हींच्या मधे एक शहाणं माणूस बसलेलं लागतं. पण माझा निर्णय काही होत नाही, आणि ते माणूस शनिवारी नोकरीला होय कळवून निघणार आहे.

मी तिला अडवणार नाही. मीही एकोणिसाव्या वर्षी वडिलांना न विचारता घराबाहेर पडलो होतो. जावं तिने, मोठं व्हावं. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. तुमच्या त्या साहेब मित्रांना शुक्रवारच्या आत फोन करून, जागा भरली असं पोरीला कळवायला लावाल का? ह्या पत्राचा एवढाच हेतू आहे, बाकीचं गुडघ्यासाठी.

ता. क. २. वरचं ता. क. वाचू नका. शोभत नाही मला. पण वाचलंच असेल तर पोरगी रागीट आहे एवढंच त्यांच्या कानावर घाला. ते खोटंही नाही. पत्र तिच्याच हाती टपालात टाकायला देतो आहे, पाकीट नीट चिकटवलं आहे.

ता. क. ३. मामा, पाकीट नीट चिकटलं नव्हतं. ती नोकरी मी पंधरा दिवसांपूर्वीच नाकारली, आईला माहीत आहे. एकीनेच काही मागितलं असतं तर बाबा 'बघू' म्हणाले असते आणि वर्ष गेलं असतं. दोघी भांडलो तर सुटका म्हणून दोन्ही घेतील, असं आईचं गणित. अठ्ठ्याण्णव आणि तीनही तिचेच. नावांचा घोळ मात्र खरा आहे, तो आम्हाला जमवून आणता आला नसता. तुम्ही बाबांना एवढंच लिहा: 'दोन्ही घ्या आणि मला पुन्हा त्रास देऊ नका.' जरा चिडून लिहा. गोड लिहिलं की त्यांना संशय येतो.