आरशामागचे दोन मोर

अंबरनाथ, बुधवार

तीर्थस्वरूप विठावन्संना संजीवनीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढा).

गुडघा कसा आहे? बदलापूरची हवा मानवते ना? फोनच करणार होते, पण तुमची सून रुचिका स्पीकर लावून भाजी निवडते, आणि माझं दुःख तिच्या मेथीत मिसळायला नको. म्हणून पत्र.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं मी जुन्या काडेपेट्यांच्या लेबलांचा अभ्यास करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे (तुमचे बंधू असते तर अजून हसत असते). तीनशे बारा लेबलं, चार वह्या, प्रत्येकाखाली साल आणि छापखाना. एकच मिळत नव्हतं, 'दोन मोर'. त्यापायी मी उल्हासनगरच्या भंगारवाल्यांकडे तीन उन्हाळे रद्दी उपसली (एका सिंधी काकांनी मला कामावर ठेवायची तयारी दाखवली). वांगणीपलीकडच्या पाड्यावर रखमाबाईंच्या देव्हाऱ्यात जुनी पेटी आहे असं कळलं म्हणून टेकडी चढले, तर ती निघाली मोबाईलची. शिवमंदिराजवळचा सुदाम पानवाला हल्ली मला लांबून पाहूनच लायटर दाखवतो.

आता कीर्ती. आमच्या वरच्या मजल्यावरची. दिवाळीत माझ्या वह्या पाहून तिलाही छंद लागला. एकूण लेबलं अकरा, त्यातली चार तिच्या स्वयंपाकघरातली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला (आमच्या सोसायटीत ते माझ्यासारख्या विधवाही करतात) यंदा प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत, असं भाषण सोसायटीत मीच ठोकलं होतं. मग वाण म्हणून काय द्यायचं, तर माळ्यावर पडलेल्या सासूबाईंच्या लाकडी कुंकवाच्या पेट्या, झाकणात आरसा असलेल्या. तेलाचा हात फिरवून मी त्या चकाचक केल्या. बाहेरून. कीर्तीने घरी जाऊन आरसा पुसला, तो निघाला, आणि मागे सासूबाईंनी आरसा हलू नये म्हणून घडी घालून खुपसलेला कागद. दोन मोर.

तिने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'सहज सापडलं', पुढे हसरा चेहरा. सहज! नऊ वर्षं ते माझ्या डोक्यावर चार फुटांवर होतं, आणि मी स्वतः कुंकू लावून, अत्तर लावून, वर तिळगूळ देऊन ते तिच्या हातात ठेवलं. वाण परत मागायची रीत नाही, नाहीतर त्याच संध्याकाळी वर गेले असते. शाळेत सिस्टर शिकवायच्या की मत्सर हे पाप आहे. मला मत्सर नाही. तिने त्या लेबलाला केलेल्या चौकटीची काच तडकावी एवढंच वाटतं, तीही आपोआप.

रविवारी वाचनालयात प्रदर्शन आहे. तिचं एक लेबल दारात, चौकटीत. माझी तीनशे बारा मागे, पिण्याच्या पाण्याशेजारी. ग्रंथपाल हेमंत मला समजावतो, "काकू, संशोधनाला नशीब पण लागतं ना." मी म्हटलं, "नशीब तिचं असेल, माळा माझा आहे."

असो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मधल्यांनी आपसांत वाटून घ्यावं.

तुमची वहिनी,
संजीवनी

ता. क. कीर्ती तशी वाईट नाही, हे लिहायला हवं. काल ती खाली आली आणि लेबल पुढे करून म्हणाली, "काकू, हे तुमच्याच वहीत शोभेल. घ्या ना." आणि वन्सं, माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू दे गं. माझ्याकडे आहे एक. याहून कोरं." पोरगी एवढी खूश झाली की तिने लगेच हेमंतला कळवलं. आता रविवारी दोन्ही लेबलं दारात शेजारी-शेजारी लागणार आहेत. माझ्या नावाची पाटीही रंगवून झाली आहे.

पुन्हा ता. क. त्या पेट्यांपैकी एक तुम्हीही नेलीत. आरसा घट्ट बसलेला असेल तर हात लावू नका, मी शनिवारी चिमटा घेऊन येते. सैल असेल, तर मागे काही नाही असं समजा आणि कृपा करून रविवारी सकाळी आजारी पडा. जरा जोरात, मला धावत यावं लागेल इतपत.